डोकं दुखलं की जाऊ आठवायची: नाशिकमधलं एक प्रकरण

हे प्रकरण संबंधित ताईंच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नातं, कामाची जागा यांतले काही तपशील बदलले आहेत. पंचवटीत माझी जनरल प्रॅक्टिस आहे. इथं जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या टेबलावर चुकलं, म्हणून लिहिणं गरजेचं वाटलं. आमच्या दवाखान्यात सगळे त्यांना ताई म्हणतात, इथंही मी तेच नाव ठेवते.

पार्श्वभूमी

ताई ३७ वर्षांच्या. मखमलाबाद रोडला घर, मिस्टरांचं इलेक्ट्रिकलचं दुकान, दोन मुलं, सासूबाई. ताई स्वतः दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघतात. जानेवारी ते एप्रिल त्यांना मान वर करायला फुरसत नसते. क्रेटमधून घड उचलायचा, मणी रिंगमधून घालून आकार बघायचा, गोडी मोजायची, तडकलेला किंवा डाग पडलेला मणी कात्रीनं काढून टाकायचा. युरोपला जाणारा माल बोटीनं काही आठवडे प्रवास करतो, आणि एक सडका मणी नजरेतून सुटला तर शेजारचे दहा घेऊन जातो. ताईंच्या नजरेतून तो सुटत नाही. तिथं त्यांचा शब्द शेवटचा मानतात.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, त्यांना कॉलेजपासून होती, आईलाही होती. पाळीच्या आधी, उन्हातून आल्यावर किंवा जेवण चुकलं की एका बाजूला ठणका लागायचा, मळमळायचं, उजेड नकोसा व्हायचा. खिडक्या लावून दोन तास झोपलं की उतरायचं. महिन्यातून दोन-तीनदा होणाऱ्या या दुखण्याला त्या पंधरा-सोळा वर्षं घाबरल्या नव्हत्या.

दिवाळीनंतर त्यांची चुलत जाऊ गेली. ४१ वर्षांची. सकाळी नळाला पाणी आलं, तिनं हंडा उचलला, "डोक्यात काहीतरी फुटलं" म्हणाली आणि ओट्याला धरून खाली बसली. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटला होता. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. ताई दोन्ही दिवस हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आतल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं होतं, "यांचं आधी डोकं दुखायचं का?" आणि नातेवाइकांपैकी कुणीतरी उत्तर दिलं होतं, "हो, दुखायचं की अधूनमधून." ते वाक्य ताईंच्या मनात रुतून बसलं. मला ते तब्बल चार महिन्यांनी कळलं.

समस्या कशी वाढत गेली

जानेवारीत ताई माझ्याकडे आल्या. डोकं वारंवार दुखतंय म्हणाल्या. मी बीपी पाहिलं, मान वाकवून पाहिली, हातापायांची ताकद, डोळ्यांच्या हालचाली, चाल, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. "काही नाही ताई, तुमची नेहमीचीच अर्धशिशी. सीझन सुरू झालाय ना," असं म्हणून गोळ्या लिहून दिल्या. बाहेर बारा-पंधरा पेशंट होते. जावेचा विषय निघालाच नाही, कारण मी काढला नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका रात्री दीड वाजता त्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेल्या. सीटी स्कॅन नॉर्मल आला. तिथं त्यांना सांगितलं गेलं, "सगळं मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका." या वाक्याचा त्यांना फार राग आला होता, आणि तो राग योग्यच होता. ठणका खरा होता, उलटी खरी होती.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा माझ्यासमोर बसून रडत होत्या. सीटीत सगळं दिसत नाही असं त्यांनी वाचलं होतं. मी एमआरआय लिहून दिला. खरं सांगायचं तर तपासणीत त्याची गरज दिसत नव्हती. त्यांचं रडणं थांबावं म्हणून मी तो लिहिला. रिपोर्टमध्ये गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता, पण एक ओळ होती: 'काही नॉनस्पेसिफिक व्हाईट मॅटर हायपरइंटेन्सिटीज'. म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागात दिसणारे बारीक ठिपके. मायग्रेन असलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये ते दिसतात आणि सहसा त्यांचा काही अर्थ नसतो. हे मी त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. रिपोर्ट त्यांनी सेंटरबाहेर स्कूटरवर बसूनच वाचला आणि तिथंच ती ओळ मोबाईलवर शोधली. माझ्याकडे पोचेपर्यंत त्यांच्या मनात पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि आणखी दोन आजार पक्के झाले होते.

मार्चमध्ये त्यांचा दिवस कसा जात होता, ते नंतर एकेक करून कळलं. पॅकहाऊसच्या बाथरूममध्ये आरशासमोर मोबाईलचा टॉर्च डोळ्यांवर मारून दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का बघायचं, दिवसातून पंधरा-वीस वेळा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायचे, एखादा खाली येतो का बघायचं. रात्री अंथरुणात जीभ अडखळत नाही ना म्हणून जिल्ह्याचे पंधराही तालुके हळू आवाजात म्हणायचे: इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा... मग मिस्टरांना उठवायचं. "माझं तोंड सरळ दिसतंय ना?" ते म्हणायचे, "सरळ आहे, झोप." अर्ध्या तासानं पुन्हा. हंडा, बादली, पिठाचा डबा उचलणं त्यांनी बंद केलं होतं. स्कूटर एकटीनं चालवणं बंद. पॅकहाऊसला सोडायला मिस्टर दुकान उशिरा उघडायचे.

मणी तपासणारी तीच चोख नजर आता स्वतःच्या शरीरावर रोखलेली होती. आणि शरीर काही एक्स्पोर्टचा माल नाही. त्यात रोज कुठंतरी मुंग्या येतात, डोळा फडफडतो, मान धरते. बघणाऱ्याला डाग सापडतोच.

केसपेपरच्या मागची यादी

मार्चच्या मध्यावर त्या एमआर अँजिओग्राफी मागायला आल्या, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय. त्या आठवड्यातली ती तिसरी भेट होती. त्या दिवशी मी दुपारची वेळ दिली, म्हणजे बाहेर कुणी नसताना. आणि पहिल्यांदाच विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की काय होईल असं वाटतं?"

जावेची सगळी गोष्ट तेव्हा बाहेर आली.

ऐकून झाल्यावर मी केसपेपर उलटा केला आणि आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, की प्रत्येक तपासणीनंतर जिवाला किती दिवस निवांत वाटलं. सीटी: ११ दिवस. एमआरआय: दीड दिवस, रिपोर्ट हाती येईपर्यंत. मी तपासून 'काही नाही' म्हटल्यावर: आधी ३ दिवस, अलीकडे संध्याकाळपर्यंत. मिस्टरांचं 'सरळ आहे': दहा मिनिटं. ताईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे तर कमी कमी होत चाललंय."

मग दुसरी मोजणी केली, गोळ्यांची. मी दिलेल्या वेगळ्या, मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक-कॅफिन एकत्र असलेल्या वेगळ्या. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत एक पाकीट, पर्समध्ये एक, उशाखाली एक. महिन्यातले १८ ते २० दिवस त्या गोळी घेत होत्या. पुष्कळदा दुखायच्या आधीच, दुखेल या धास्तीनं. अशी मिश्र गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस आणि साधी पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. त्याला मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक म्हणतात. भीतीनं गोळी, गोळीनं दुखणं, दुखण्यानं भीती, असा तो फेरा होता. जोडीला झोप नाही, दुपारचं जेवण चारला, मान आणि खांदे दिवसभर आवळलेले. हे मी जानेवारीत मोजायला हवं होतं.

कोणते पर्याय होते

एक, अँजिओग्राफी करून टाकणं. मिस्टरांचा कल तिकडे होता: "पैसे गेले तरी चालतील, तिच्या जिवाला शांती मिळू दे." पण यादी समोर होती. वैद्यकीय कारणही पुरेसं नव्हतं. अशा फुग्यासाठी मुद्दाम तपासणीचा विचार साधारणपणे रक्ताच्या जवळच्या नात्यातल्या दोन किंवा जास्त जणांना तो झाला असेल तर करतात. चुलत जाऊ म्हणजे ताईंचं रक्ताचं नातंच नाही. मी हे सांगितलं तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. इतक्या साध्या गोष्टीकडे दुःखाच्या भरात कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

दोन, थेट मानसोपचाराकडे पाठवणं. कॅज्युअल्टीतल्या वाक्यानंतर लगेच हे केलं असतं तर 'यांनाही वाटतं मी नाटक करते' असंच त्यांनी घेतलं असतं आणि माझ्याकडे येणंही थांबवलं असतं.

तीन, सगळे कागद एकत्र करून एका न्यूरोलॉजिस्टना दाखवणं, ते जे म्हणतील ते लेखी घेणं, आणि त्यानंतर दुखण्याचा आणि भीतीचा असे दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू करणं. आम्ही हा रस्ता घेतला. अट एकच, ताईंनी स्वतः मांडलेली: "भीतीचा उपचार करा, पण मला खरंच काही झालं तर तुम्ही ते भीतीवर ढकलाल, याची मला भीती वाटते." ही शंका रास्त होती. घाबरट माणसालाही आजार होतो.

म्हणून एक कागद केला. आजही तो त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय: मिनिटभरात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, ग्लानी, हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. यातलं काही झालं तर कुणालाही न विचारता थेट हॉस्पिटल. बाकी कशासाठीही पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबायचं. (हा कागद ताईंसाठी होता. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर, तसंच कॅन्सर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांची नवी डोकेदुखी, हेही लवकर दाखवायलाच हवं.)

काय केलं

न्यूरोलॉजिस्टनी अर्धा तास दिला. डोळ्यांच्या मागचा पडदा तपासला, एका रेषेत चालवलं, एमआरआयची फिल्म स्वतः पाहिली. निदान लिहून दिलं: मायग्रेन आणि त्यावर अतिगोळ्यांची डोकेदुखी. ठिपक्यांबद्दलही स्पष्ट लिहिलं, की चिंता नको आणि पुन्हा एमआरआय नको. रात्रीसाठी १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन दिली. ही गोळी नैराश्यासाठीही वापरतात, कमी डोसमध्ये मायग्रेन टाळायला देतात, हे मी चिठ्ठी हातात द्यायच्या आधीच सांगून टाकलं. रिपोर्टच्या बाबतीत केलेली चूक मला पुन्हा करायची नव्हती.

मिश्र गोळी बंद करायचा मुहूर्त हा मोठा प्रश्न होता. ताईंना सीझन संपू द्यायचा होता. मी मान्य केलं आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, शेवटचा कंटेनर गेल्यावर, सुरुवात केली. बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. मी कागदावर लिहून दिलं, 'तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट जाईल. हे अपेक्षित आहे.' तिसऱ्या रात्री त्यांना खात्री वाटली की रक्तस्राव सुरू झाला. त्यांनी कपाट उघडून कागद वाचला. दुखणं दुपारपासून हळूहळू चढलेलं होतं, यादीतलं एकही लक्षण नव्हतं. मला फोन न करता त्यांनी १४४१६ लावला. ही टेलीमानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्यासाठीची, मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या व्यक्तीनं वीस मिनिटं त्यांच्याबरोबर सावकाश श्वास घेतला. सहाव्या दिवशी दुखणं उतरू लागलं.

मे महिन्यापासून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दर आठवड्याला जाणं सुरू झालं. पूर्वी अशा त्रासाला हायपोकाँड्रिया म्हणायचे. २०१३ मध्ये डीएसएम-५ मधून, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेतून, तो शब्द गेला, आणि ताईंसारख्या, प्रत्यक्ष दुखणं असलेल्यांसाठी सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर हे नाव आलं. 'दुखणं खोटं आहे' असं या निदानात कुठंही म्हणायचं नसतं. दुखण्याभोवती किती विचार, किती धास्ती आणि किती वेळ अडकलाय, ते बघायचं असतं. ताईंना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी दोन्ही मानलं."

काम बारीकसारीक होतं. पहिल्या आठवड्यात टॉर्च बंद नाही केला, फक्त दहा मिनिटं पुढे ढकलायचा. मग वीस. सायकॉलॉजिस्टनी त्यांना घरातल्या सगळ्यांच्या बाहुल्या मोजायला लावल्या. धाकट्या मुलाच्याच किंचित कमी-जास्त निघाल्या. सुमारे २० टक्के निरोगी माणसांत असा थोडा फरक असतो, हे त्यांना तेव्हा कळलं. मग उचलणं: आधी अर्धी बादली, मग भरलेली, जून अखेरीस हंडा. हंड्याच्या दिवशी सायकॉलॉजिस्ट फोनवर होत्या, सासूबाई दारात. ताईंनी हंडा कमरेवर घेतला, ओट्यावर ठेवला आणि तिथंच बसून रडल्या, जावेसाठी. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे नोव्हेंबरनंतर तिच्यासाठी त्या पहिल्यांदा रडल्या.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना. मिस्टरांना एक वाक्य दिलं होतं: "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, मी इथंच आहे. पण तोंड सरळ आहे का, हे मी सांगणार नाही." हे बोलताना त्यांचा आवाज फुटायचा. सासूबाईंना तो निर्दयपणा वाटला: "विचारतेय बिचारी तर सांगायला काय जातं?" म्हणून एका भेटीला त्यांनाही बोलावलं. त्या मीठ-मोहरी ओवाळून टाकायच्या, त्याला मी हरकत घेतली नाही, माया होती ती. दर तासाला "आता कसं वाटतंय गं डोक्याला?" विचारणं मात्र थांबवायला सांगितलं. त्या जागी त्या "चहा टाकू का?" विचारू लागल्या.

माझ्यापुरता बदल असा, की ताईंनी दर पंधरा दिवसांनी यायचं. दुखो वा न दुखो. मध्ये फोन नाही. भेट मिळवायला दुखावं लागत नाही, हे शरीराला कळायला काही आठवडे लागले.

मे महिन्यातली अँजिओग्राफी

हे सगळं सरळ रेषेत झालेलं नाही. मे अखेरीस नात्यात आणखी एक मृत्यू झाला. ताई भावाला घेऊन, आम्हाला कुणालाच न सांगता, स्वतःच्या पैशानं एमआर अँजिओग्राफी करून आल्या. नॉर्मल. तीन आठवड्यांनी खाली मान घालून त्यांनी मला सांगितलं. मला वाईट वाटलं, रागही आला, पण मी केसपेपर काढून उलटा केला. ताईंनी पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं शेवटची ओळ लिहिली: अँजिओग्राफी, ९ दिवस.

ती तपासणी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण मी मार्चमध्ये ती लिहून दिली असती, तर ते नऊ दिवस त्यांनी मोजले नसते.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीतच 'काय होईल अशी भीती वाटते?' हा प्रश्न विचारायला हवा होता. त्याला दोन मिनिटं लागतात. आता डोकेदुखीच्या प्रत्येक पेशंटला मी तो विचारते, आणि 'काही नाही' म्हणणं सोडलंय. जे आहे त्याचं नाव सांगते.

एमआरआय लिहिताना त्यात काय काय दिसू शकतं हे आधी बोलायला हवं होतं, आणि रिपोर्ट एकत्र उघडायला हवा होता. गोळ्यांची पाकिटं पिशवीसकट मागवायला हवी होती, नुसतं 'कधीतरी घेते' यावर विसंबून राहिले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी त्यांच्या व्हॉट्सॲपला रात्री साडेअकरालाही उत्तर द्यायचे. मला ती आस्था वाटायची. प्रत्यक्षात टॉर्च, आरसा आणि मिस्टर यांच्या जोडीला मी त्यांचं तपासायचं चौथं साधन झाले होते.

गोळ्या बंद करायला सीझन संपायची वाट पाहिली, याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. न्यूरोलॉजिस्टना लगेच हवं होतं. तीन-चार आठवडे जास्त त्रास झाला, पण ऐन गर्दीत ती तिसरी रात्र आली असती तर ताई टिकल्या असत्या का, मला सांगता येत नाही.

आत्ताची स्थिती

सप्टेंबरमध्ये डायरीत महिन्याचे ४ डोकेदुखीचे दिवस होते, गोळी ३ दिवस. मार्चमध्ये दुखण्याचे दिवस २२ होते. अमिट्रिप्टिलीन चालू आहे, न्यूरोलॉजिस्ट पुढच्या वर्षी कमी करू म्हणतात. टॉर्च अधूनमधून निघतो, पाळीच्या आधीच्या दोन दिवसांत जास्त. तालुके म्हणणं थांबलंय. स्कूटर एकट्या चालवतात. दुपारचा डबा एक वाजता उघडायचा हे पॅकहाऊसच्या मॅनेजरशी बोलून ठरवून घेतलंय, आणि आता त्यांच्यामुळे सगळी लाइन एकला जेवते.

द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी झाली आहे. भेटी आता महिन्यातून एकदा आहेत. जानेवारी ते एप्रिल मात्र पुन्हा दर पंधरा दिवसांनी यायचं ठरलंय, आणि त्या तारखा ताईंनी आत्ताच वहीत लिहून घेतल्या आहेत.